शेवटच्या धुवणीचे पाणी

वैभव पराते याच्या प्रबंधात सिद्ध झालेली म्हणून एकच महत्त्वाची गोष्ट होती, आणि ती खोटी असल्याचे त्याला मौखिक परीक्षेची तारीख निघाल्यानंतर कळले.

ती गोष्ट अशी. जस्ताचे अणू आणि एक लहानसा सेंद्रिय रेणू मिथेनॉलमध्ये एकत्र केले, की त्यांची आपोआप चौकट उभी राहते. चौकटीला चौकट जोडली जाते आणि काही वेळाने भांड्याच्या तळाशी बारीक भुकटी बसते. या भुकटीचा प्रत्येक कण हा स्फटिक असतो आणि प्रत्येक स्फटिक आतून पोकळ खोल्यांनी भरलेला असतो. खोल्या ऐसपैस, दारे मात्र अतिशय अरुंद. रोडामीन नावाचा एक रंग आहे. डोळ्यांना तो गर्द गुलाबी दिसतो आणि अतिनील दिव्याखाली निखाऱ्यासारखा नारिंगी झळकतो. त्याचा रेणू या दारांतून आत जाऊ शकत नाही. परंतु भिंती उभ्या राहत असतानाच तो तेथे हजर असला, तर भिंती त्याच्याभोवती चढतात आणि तो आत कायमचा कोंडला जातो. असा कोंडलेला रंग उन्हाने विटत नाही, पाण्यात उतरत नाही, आणि आपल्या जातभाईंच्या दाटीत त्याची झळक जशी मावळते तशी ती एकांतात मावळत नाही. वैभवने रंग असा कोंडला होता. निदान त्याने तसे लिहिले होते, बाहेरगावच्या दोन्ही परीक्षकांनी ते मान्य केले होते, आणि त्या जोरावर उमरेडच्या एका महाविद्यालयाने त्याला पदवी हाती येताच रुजू करून घेण्याचे कबूल केले होते.

स्फटिक तयार झाले की त्यांना बाहेरून चिकटलेला रंग धुऊन काढावा लागतो. स्फटिक ताज्या द्रावकात घुसळायचे, नळी यंत्रात गरगर फिरवायची, भुकटी तळाशी बसली की वरचे रंगीत पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा आरंभ करायचा. या कंटाळवाण्या कामात इतर विद्यार्थ्यांचा नियम तीन वेळांचा होता. तीनदा धुतले की धुतले, मग चौथ्या पाण्यात काय उतरले असते याची चौकशी कोणी करीत नसे. वैभवला हा नियम पहिल्याच वर्षी हास्यास्पद वाटला. तो धुवणी मोजीत नसे. ओतलेले पाणी तो काचेच्या नळीत घेई, खिडकीशी उजेडात धरी, आणि त्यात गुलाबी छटेचा भास जरी झाला तरी स्फटिक पुन्हा धुवायला घेई. कधी कधी यात सगळा दिवस जाई. सारे त्याला हसत, आणि सारे मनातून मानतही.

ही पद्धत त्याने घरून आणली होती. तांडापेठेत त्याचे वडील बाबनराव विणकरांच्या सोसायटीसाठी सूत रंगवीत. सोसायटी बंद पडली, रंगाचे हौद बुजले, आणि बाबनराव गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात माल दाखवायला बसू लागले. पण त्यांच्या रंगाची आठवण मोहल्ल्यात अजून निघे. रंगवलेल्या सुताच्या लडी ते धूत आणि धुवणीचे शेवटचे पाणी चिनी मातीच्या पांढऱ्या कटोऱ्यात घेऊन अंगणात उन्हात ठेवीत. कटोऱ्याचा तळ कोरा दिसला तर सूत वाळत पडे, नाही तर पुन्हा हौदात जाई. त्यात त्यांनी सणावाराची घाई पाहिली नाही की सोसायटीच्या चिटणीसाची मर्जी पाहिली नाही. पाणी पांढरे झाले की सूत आपले, एवढे एकच शास्त्र त्यांना ठाऊक होते आणि त्या शास्त्राने त्यांना आयुष्यभर दगा दिला नव्हता.

प्रबंध छापून आला त्या दिवशी वैभवने तो घरी नेला होता. बाबनरावांना त्यातील इंग्रजी वाचता येत नव्हते. "यात धुण्याचं जे लिहिलं आहे ना बाबा," वैभव म्हणाला होता, "ते तुमचं आहे." त्यानंतर बाबनरावांनी ही गोष्ट मोहल्ल्यात किती जणांना सांगितली हे शोधून काढणे कठीण, न सांगितलेले कोणी उरले होते काय, एवढेच विचारता येईल.

प्रयोगशाळेत त्याच्या मागून आलेली अस्मिता रामटेके इंदोऱ्याहून स्कूटीने येई. वैभवचे स्फटिक वापरून विहिरींच्या पाण्यातील विषारी धातू ओळखायचे, असा तिचा विषय होता. म्हणजे वैभवचे काम जेथे संपले तेथून तिचे सुरू होणार होते. एका दुपारी तिने त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बोलावले.

"दादा, जरा इकडे या ना. पण आधी सांगा, रागावणार तं नाही?"

"काय वं, माही बाटली सांडवली काय?"

"सांडवली असती तं बरं झालं असतं."

खोलीत दोन लहान बाटल्या अतिनील दिव्याखाली ठेवल्या होत्या. एकीत नुसता रोडामीन, मोकळा. दुसरीत वैभवच्या स्फटिकांचे पाणी. दोन्ही सारख्याच झळकत होत्या.

"हे पाहा," अस्मिता तिसरी एक कुपी उचलून म्हणाली. "हा उजेड विझवणारा रेणू. थोराड आहे. स्फटिकाच्या दारातून याचं बोटसुद्धा आत जाणार नाही. बरोबर?"

"बरोबर."

"म्हंजे मोकळा रंग विझंल आणि तुमचा आतला रंग जळतच राहील. मले एवढंच दाखवायचं होतं, माह्या पहिल्या सेमिनारमध्ये. वैभवदादाच्या भिंती कशा मजबूत आहेत म्हणून." तिने पहिल्या बाटलीत थेंब सोडले. मोकळा रंग मावळला. मग तिने दुसऱ्या बाटलीत तेवढेच थेंब सोडले.

दुसरी बाटलीही मावळली. एकदम नव्हे, प्रथम कडेने, मग तळाशी, आणि मग सगळीकडे, जसा वीज गेल्यावर पंखा थांबतो तशी ती हळूहळू निस्तेज झाली.

"पुन्हा कर," वैभव म्हणाला.

"केलं ना. सकाळपासून तेच करून राहिली मी."

"स्फटिक फुटले असतील तुह्या पाण्यात."

"एक्स-रे काढून आणला. एकही रेघ हलली नाही. चौकट साबूत आहे."

"मंग हा तुहा थोराड रेणू स्वतःच उजेड पिऊन राहिला. आतला रंग जळत असंल, आपल्यालेच दिसून नाही राहिला."

"तेही वजा करून पाहिलं, दादा. मी काय नवीन आहे काय?" ती जराशी चिडली, आणि मग तिला त्याच्या चेहऱ्याकडे पाहून चिडण्याचा पश्चात्ताप झाला असावा. "तुमचा रंग घरात गेलाच नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिला."

वैभवला या विनोदाचे हसू आले नाही. "मी माह्या हातानं करून पाहतो," एवढे बोलून त्याने बाटल्या उचलल्या.

त्याने ते आपल्या हाताने केले. ताज्या स्फटिकांवर केले, जुन्या स्फटिकांवर केले, ज्या कुपीतील भुकटीचे छायाचित्र प्रबंधाच्या मुखपृष्ठामागे छापले होते तिच्यावरही केले. प्रत्येक वेळी झळक मावळली. तेव्हा त्याने शेवटचा उपाय म्हणून थोडी भुकटी दुसऱ्या, अधिक जालीम द्रावकात कोमट आचेवर भिजत ठेवली. या द्रावकाने स्फटिकाची चौकट मोडत नाही. पण तिच्या बाहेरच्या कातडीला चिकटलेले काही असले तर ते सुटते. वरचे पाणी बदलत राहावे लागले, आणि जे पाणी मिथेनॉलमध्ये कधीच कोरे झाले होते ते येथे पुन्हा पुन्हा गुलाबी होत राहिले. काही दिवसांनी नळीच्या तळाशी उरली ती पांढरी भुकटी. दिव्याखाली ती पांढरीच राहिली. यंत्राला तिच्यात रंगाचा एक बारीकसा माग सापडला. म्हणजे चुकूनमाकून दोनचार रेणू खरोखरच आत कोंडले गेले होते. बाकीचा सगळा रंग, ज्याच्या बळावर पाच प्रकरणे उभी होती, तो बाहेर होता.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. वैभवने मोजलेली एकही संख्या खोटी नव्हती. त्याच्या स्फटिकांतला रंग पाण्यात उतरत नव्हता, हे खरे होते. तो उन्हात मोकळ्या रंगापेक्षा उशिरा विटत होता, हेही खरे होते. मग चूक कोठे होती? चूक त्या संख्यांवरून तो ज्या ठिकाणी पोहोचला तेथे होती. रंग सुटत नाही, म्हणून तो आत आहे, असे त्याने धरले. पण स्फटिकाच्या बाहेरच्या अंगावरही जस्ताचे उघडे अणू असतात आणि रोडामीनचे एक टोक त्यांना असे घट्ट धरून बसते की मिथेनॉलच्या कितीही धुवण्यांनी ते सुटू नये. ज्यांनी तीनदा धुऊन हात पुसले त्यांना निष्काळजी म्हणता येईल. वैभवला तेही म्हणता येत नव्हते. त्याने साऱ्यांहून अधिक काळजी घेतली होती आणि ती काळजी ज्या प्रश्नाची होती तो येथला प्रश्नच नव्हता. सुताच्या धंद्यात रंग टिकला की नाही एवढे विचारतात. तो धाग्याच्या गाभ्यात बसला की अंगावर, हे कोणी विचारीत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातून आलेल्या मुलाने तीनदा धुतले असते, त्याला आपल्या धुण्याची खात्री वाटली नसती, आणि म्हणून त्याने कदाचित आणखी एखादी परीक्षा घेतली असती. वैभवला खात्री होती.

अस्मिताने हे कोणाला सांगितले नव्हते. "तुमचा व्हायवा होऊ द्या," ती म्हणाली. "तोवर मी चुप राहते. पण त्याच्यानंतर मले लिहावंच लागंल, दादा. माहं सगळं यावरच उभं आहे."

"काय लिहिशील?"

"जे दिसून राहिलं ते."

ती जे देऊ करीत होती ते मोठे होते, आणि घेता येईल इतके सोपे होते. वैभवने त्या क्षणी नाही म्हटले असते तर ते त्याच्या सचोटीस शोभले असते. पण त्याने नाही म्हटले नाही. तो म्हणाला, "पाहू," आणि घरी गेला.

घरी गोदूबाई, त्याची आई, परीक्षेच्या दिवशी प्राध्यापकांना न्यायच्या फराळाची चर्चा शेजारणीशी करीत होती. पोहे की साबुदाणा असा वाद होता. "डॉक्टर झाल्यावर आमाले वळख देशीन ना गा?" शेजारणीने त्याला विचारले. "पहिले होऊ तं द्या," असे तो बोलला, आणि दोघी खळाळून हसल्या, कारण ती विनयाची भाषा आहे असे त्यांना वाटले.

डॉ. सुमती हरकरे या वैभवच्या मार्गदर्शिका. सगळे त्यांना मॅडम म्हणत. दोन दिवसांनी वैभव आपणच त्यांच्याकडे गेला. त्यांनी त्याचे बोलणे न तोडता ऐकून घेतले, अस्मिताचे आलेख पाहिले, वैभवचे पाहिले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही दोघांनीही नीट काम केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "शंकेला जागा नाही. आता प्रश्न एवढाच, की याचं करायचं काय."

"प्रबंध परत घ्यावा लागेल, मॅडम."

"घाई करू नका. मी जे सांगते ते नीट ऐका, आणि पटलं नाही तर खोडून काढा. असा प्रबंध दाखवा, ज्यात चूक नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधात एक आहे. नंतर कोणीतरी ती दुरुस्त केली आणि जग चालत राहिलं. ज्ञान असंच दुरुस्त होतं, पुढच्या माणसाकडून. तुम्ही परीक्षा द्या. अस्मिता वर्षाभरात आपला शोधनिबंध लिहील, त्यात ही दुरुस्ती येईल. कोणाचीही फसवणूक नाही. सत्य फक्त आपल्या क्रमाने बाहेर येईल."

हा युक्तिवाद कच्चा नव्हता, आणि तो वाईट हेतूने केलेलाही नव्हता. त्यांना या मुलाची काळजी होती. त्याची शिष्यवृत्ती संपली होती, पुन्हा नाव नोंदवायचे तर कोणत्या नियमाखाली हे त्यांनाही सांगता आले नसते, आणि उमरेडचे महाविद्यालय थांबणार नव्हते.

"मॅडम, तुमच्या प्रबंधातली चूक तुम्हाला प्रबंध देताना माहीत होती का?"

"नाही."

"मला आहे."

मॅडमनी समोरचे आलेख एकावर एक ठेवले.

"आणि परीक्षकांनी विचारलं," वैभव पुढे म्हणाला, "रंग आतच आहे हे कशावरून? तर मी काय सांगू?"

"ते विचारणार नाहीत. विचारायचं असतं तर अहवालात विचारलं असतं."

"म्हणजे ते विचारणार नाहीत, एवढ्या एका आधारावर मी उभा राहायचं."

"पुष्कळ लोक त्याहून कमी आधारावर उभे आहेत, वैभव."

"हो. आणि मग अस्मिता तुमच्या सहीनं लिहील, की तुमच्याच सहीचा आधीचा प्रबंध चुकला. तेव्हा तिला लोक विचारतील, तुला हे कधी कळलं? ती खोटं बोलेल की खरं?"

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. बाहेर कोणीतरी कूलरमध्ये पाणी भरीत होते. बादली आदळल्याचा आवाज झाला. "तुम्ही फार वाद घालता," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून घालत आला. अर्ज घेऊन या. मी सही करीन. पण मला त्याचा आनंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका."

सही झाली. अर्ज विद्यापीठात पोचला. परीक्षेची तारीख रद्द झाल्याचे पत्रक निघण्यापूर्वी ही गोष्ट वडिलांना आपल्या तोंडून कळावी म्हणून वैभव दुसऱ्या दिवशी गांधीबागेत गेला. घरी सांगणे त्याला शक्य वाटले नाही; तेथे आई होती, शेजारीण होती, आणि पोह्यांचा निकाल लागला होता.

दुकानात पांढऱ्या चादरीची गादी अंथरलेली होती. भिंतीला छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले होते, आणि बाबनराव त्यांच्यासमोर मांडी घालून एका ठोक गिऱ्हाइकाला सुती लुगडी उलगडून दाखवीत होते. गिऱ्हाईक निवड करण्यात गुंतले होते. दुकानाचे मालक शेठजी यांनी वैभवला पायरीवरच पाहिले.

"आओ, आओ, डॉक्टरसाहेब! मेरे घुटने का कुछ इलाज करो."

"शेठ, तो दवाईचा डॉक्टर नाही, किती वेळा सांगू," बाबनराव हसत म्हणाले. "त्याचं काम रंगाचं आहे. बस गा, वैभव. चहा घेशील?"

"नाही. बाबा, जरा बोलायचं होतं."

"बोल ना. इथं कोण परकं आहे?"

वैभव गादीच्या कडेला बसला. त्याने आवाज शक्य तितका खाली आणला. "व्हायवा नाही होऊन राहिला."

"तारीख पुढं गेली?"

"नाही. मी प्रबंधच परत घेतला."

बाबनरावांच्या हातातील लुगड्याचा पदर उलगडता उलगडता थांबला. "परत घेतला म्हंजे?"

"म्हंजे मी जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं. रंग स्फटिकाच्या आत नव्हता. बाहेरच चिपकून होता. अस्मितानं करून दाखवलं."

"धुतला नाही काय?"

"धुतला. पाणी पांढरं होईपर्यंत धुतला."

"उजेडात धरून पाहिलं?"

"पाहिलं. तुम्ही पाहत होते, तसंच."

"मंग? पांढरं झालं ना?"

"झालं."

"मंग झालं ना गा!" बाबनरावांना हायसे वाटल्यासारखे झाले, जणू मुलाने भलत्याच गोष्टीची धास्ती घेतली होती आणि आता ती फिटली. "आणखीन काय पाहिजे? पाणी पांढरं झालं का खेळ खतम. कोण म्हणते रंग बाहेर आहे म्हणून? ती पोरगी? तिनं किती रंगवलं आहे?"

"बाबा, पाणी पांढरं झालं म्हंजे रंग सुटणं बंद झालं, इतकंच. तो आत बसला का बाहेर बसला, हे पाणी नाही सांगत."

बाबनराव त्याच्याकडे पाहत राहिले. ते अडाणी नव्हते. वाक्य त्यांना समजले, आणि समजल्यावर ते त्यांनी आपल्या बाजूने फिरवून पाहिले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

"मंग माह्या सुताचा रंग कुठं होता?" त्यांनी विचारले. "आत का बाहेर?"

या प्रश्नाची तयारी वैभवने केली नव्हती. त्याला उत्तर ठाऊक होते; काही रंग धाग्यात मुरतात, काही अंगावर बसतात, आणि कोणता रंग कोठे बसला हे वडिलांनी कोणता वापरला त्यावर होते. पण त्याला वडिलांना दिलासा द्यायचा होता, म्हणून त्याने घाईने जे सांगितले तेही खरेच होते. "सुताले त्याचा फरक नव्हता पडत, बाबा."

"फरक नव्हता पडत," बाबनराव म्हणाले.

त्यांनी ते शब्द असे उच्चारले की वैभवला ते तोंडून गेल्याचा पश्चात्ताप झाला. पण परत घेण्याजोगे त्यांत काही नव्हते. एखाद्या माणसाला तो चुकला असे सांगावे, तर तो भांडतो, आणि भांडणात त्याचे काही तरी शिल्लक राहते. तू जे सांभाळलेस त्याच्याने काही फरक पडत नव्हता, असे सांगितल्यावर भांडायला जागा राहत नाही.

"कोणाले माहीत आहे हे?" बाबनरावांनी विचारले.

"मॅडमले. अस्मिताले."

"दोघीच ना? त्या बोलणाऱ्या होत्या?"

"नाही. चुप राहायले तयार होत्या."

"मंग चुप राहायचं होतं."

वैभवने वर पाहिले. ज्या माणसाने एका फिक्या छटेसाठी सोसायटीचा माल दोन दोन दिवस अडवून धरला होता, तोच हे बोलत होता, आणि रागाने नव्हे, विनवल्यासारखे बोलत होता. "तीन पिढ्यांत कोणी शिकलं नव्हतं आपल्यात," ते म्हणाले. "मी सगळ्याइले सांगून बसलो आहे. तुह्या मायनं फराळाचं सांगून ठेवलं. पाणी पांढरं होतं. माणसाले दुसरं काय दिसते? ज्याले दिसलं नाही, त्याची काय चुकी?"

"आधी नव्हतं दिसलं. आता दिसलं ना."

"मंग तू पाहिलंस काहून?"

शेठजी टेलिफोनवर सुरतेच्या भावांवरून कोणाशी तरी खडाजंगी करीत होते. गिऱ्हाइकाने, भंडाऱ्याकडील एका जाडजूड व्यापाऱ्याने, लुगड्यांच्या ढिगातून एक गर्द जांभळे लुगडे बाजूला काढले आणि त्याचा काठ अंगठ्याने चोळून पाहिला.

"बाबनराव, हे पन्नास काढा. रंग जाणार तं नाही ना?"

बाबनरावांनी लुगडे हातात घेतले. उजेडाकडे धरले. उलटे केले, आतली बाजू पाहिली, पुन्हा सुलटे केले, आणि नखाने एक धागा उचलून तो जवळ नेऊन पाहू लागले. व्यापारी वाट पाहत होता. शेठजींचे टेलिफोनवरचे बोलणे थांबले होते, आणि तेही इकडे पाहत होते.

"मले नाही सांगता येणार," बाबनराव म्हणाले. "तुम्ही धुऊन पाहा."

"म्हंजे?"

"म्हंजे नाही सांगता येणार, भाऊ. मी नाही रंगवलं ते."

"अरे, रंगवणाऱ्याले कोण इचारून राहिलं? तुमचा शब्द पाहिजे!" व्यापारी हसला, पण बाबनराव हसले नाहीत. तेव्हा तोही हसायचा थांबला, त्याने त्या लुगड्याकडे जरा संशयाने पाहिले, आणि ते ढिगावर परत टाकले. "राहू द्या मंग. उद्या पाहतो. दुसऱ्या दुकानात चक्कर मारून येतो."

तो उठून गेला. शेठजींनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारले, "क्या हुआ, बाबनराव? तबियत ठीक नाही काय?"

"ठीक आहे, शेठ."

उलगडलेली लुगडी गादीभर पसरली होती. बाबनरावांनी एकेक उचलून घडी घालायला सुरुवात केली. जांभळे लुगडे लांब होते. त्याचे दुसरे टोक गादीवरून घसरून पायरीवर गेले. वैभव उठला, त्याने ते टोक उचलले, आणि लहानपणी लडी धरायला उभा राहत असे तसा तो काठ ताणून उभा राहिला.

बाबनरावांनी वर पाहिले नाही.

"सोड," ते म्हणाले. "घडी मोडून राहिली."